मांड आणि धीर : दक्षिणी तट्टू व नवा स्वार यांविषयीं एक टिपण

जालना जिल्ह्यांतील असई हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. केळणा व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत इ. स. १८०३ च्या सप्टेंबरच्या २३ तारखेस दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांचें सैन्य आणि आर्थर वेलस्लीचें सैन्य यांची गांठ पडली. या लढाईविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तोफा किती, पलटणी किती, घोडा किती, याचे हिशेब झाले आहेत. परंतु त्या हजारों घोड्यांवर बसलेला एकेक स्वार प्रथम घोड्यावर कधीं चढला, त्याची भीति कोणीं घालविली व कशी घालविली, या प्रश्नाकडे मात्र फारसें कोणीं पाहिलेलें नाहीं. प्रश्न लहान दिसतो. पण ज्या राज्याचा उदय घोड्याच्या पाठीवर झाला, त्याच्या इतिहासांत तो लहान मानतां येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

याचें उत्तर बहुधा एका वाक्यांत देऊन टाकण्यांत येतें : मराठा हा जन्मतःच स्वार. हें वाक्य ऐकावयास गोड आहे, पण विचारास उतरत नाहीं. जन्मतः कोणी स्वार नसतो, जसा जन्मतः कोणी वैयाकरण नसतो. घोड्यावर स्थिर बसणें हें शिकावें लागतें आणि त्यास लागणारा धीरही शिकावा लागतो. आमच्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. ग्रंथांत, दप्तरांत व बोलण्याच्या भाषेंतही त्याच्या खुणा उरल्या आहेत. त्यांतील कांहीं येथें एकत्र मांडण्याचा विचार आहे.

प्रथम भाषेची साक्ष घेऊं. चांगल्या स्वाराविषयीं बोलतांना मराठींत 'त्याची मांड पक्की आहे' असें म्हणतात. येथें मांड म्हणजे केवळ शरीराचा अवयव नव्हे. दोन्ही मांड्यांनीं घोड्याच्या बरगड्या धरून ठेवण्याची जी संवय, ती मांड. 'मांड बसली' असा प्रयोग होतो. बसली म्हणजे पूर्वीं नव्हती, हळूहळू जमली. धीर हा शब्द मनाचा, मांड हा शब्द देहाचा. परंतु स्वारीच्या भाषेंत दोहोंचें काम एकच. ज्याची मांड बसली त्यास धीर आला, आणि ज्याची सुटली त्याचा धीर सुटला.

उलट तट्टू हा शब्द आपल्या भाषेनें बराच हिणवला आहे. भाडोत्री तट्टू, अडेलतट्टू असे शब्द आपण रोज वापरतों. अरबी घोड्याचें नांव आदरानें घ्यावें आणि तट्टाचें निंदेनें, ही रीत होऊन बसली. वस्तुतः सामान्य घरांतील मुलगा ज्याच्या पाठीवर पहिल्यानें चढला तें जनावर अरबी घोडा नव्हतें, घरचें तट्टूच होतें. भीमथडी, नीरथडी, गंगथडी व माणदेश या भागांतील लहान चणीच्या, काटक, थोड्या वैरणीवर निभावणाऱ्या जनावरांनीं दक्षिणेंतील स्वाऱ्यांचें ओझें वाहिलें. जालन्याची दक्षिण सीमा गोदावरी असल्यानें गंगथडीचा कांहीं भाग याच जिल्ह्यांत येतो. तट्टाची पाठ बुटकी, म्हणून पडण्याचें अंतर कमी. त्याची चाल आंखूड, म्हणून हिसका कमी. त्याचा स्वभाव ठरलेला, म्हणून आश्चर्य कमी. नव्या स्वारास याहून चांगला गुरु कोठें मिळणार?

आतां संस्कृत ग्रंथांकडे वळूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें प्रकरण आहे. त्यांत स्वारीच्या घोड्याच्या शिक्षणांत वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण व नारोष्ट्र असे पांच वर्ग सांगितले आहेत. पहिले चार चालीचे व उड्यांचे प्रकार होत. पांचवा, नारोष्ट्र, हा खुणेप्रमाणें वागण्याचा. स्वारानें संकेत करावा व घोड्यानें तो ओळखावा, असा त्याचा आशय. याच ग्रंथांत सेवकांच्या वेतनाची यादी आहे. तींत घोडे शिकविणाऱ्या अश्वदमकाचें वेतन २००० पण म्हणून दिलें असून त्याच वर्गांत वैद्याची गणना केली आहे. ज्या राज्यव्यवस्थेनें घोडा शिकविणाऱ्यास वैद्याच्या पंक्तीस बसविलें, तिनें स्वारी ही जन्माची देणगी न मानतां शिक्षणाची विद्या मानली, हें उघड आहे.

अमरकोशांतही घोड्याच्या आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित व प्लुत अशा पांच गति आल्या आहेत. त्या तोंडपाठ करीत असतांना आम्हां विद्यार्थ्यांस त्या केवळ पर्यायशब्दांच्या ओळी वाटत. पुढें लक्षांत आलें कीं, गति वेगळ्या ओळखून त्यांस नांवें देणें हीच शिक्षणाची पहिली पायरी आहे. मराठींतही गामचाल, रहवाल, दुडकी, चौखूर असे शब्द आहेतच. ज्यास दुडकी व रहवाल यांतील फरक पाठीच्या कण्यास कळतो, तो चौखूर धांवेस भीत नाहीं. कारण पुढें काय येणार हें त्यास अगोदर समजतें. भीति बहुतेक वेळां न कळलेल्या गोष्टीची असते.

तिसरा ग्रंथ आपल्या प्रांताच्या अधिक जवळचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल इ. स. ११२६ ते ११३८) याच्या मानसोल्लासांत वाजिवाह्याली नांवाचा विनोद वर्णिला आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादून तीन भागांत प्रसिद्ध झाला. वाह्याली म्हणजे घोडे फिरविण्याचें मैदान. हा शब्द जुन्या मराठींतही आढळतो. सोमेश्वराच्या वर्णनांत घोड्यांची परीक्षा व त्यांस शिकवून तयार करणें या गोष्टी आहेत, आणि स्वारांच्या दोन पक्षांमध्यें चालणारा चेंडूचा खेळही आहे. आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें त्यांतील क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. राजा झाला तरी तो एकदम अशिक्षित घोड्यावर बसून गर्दींत शिरत नाहीं. घोडा तयार होतो, मैदान तयार होतें, मग खेळ होतो. आणि खेळांत जी चपळाई अंगीं येते तीच रणांत उपयोगी पडते. खेळाच्या निमित्तानें धैर्य वाढविण्याची ही युक्ति आठ-नऊशें वर्षांपूर्वींच आपल्या भागांत माहीत होती.

यानंतर मराठ्यांच्या कागदांकडे येऊं. सभासद बखर इ. स. १६९७ च्या सुमारास जिंजी येथें लिहिली गेली. तींत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी ती चढत जाते. आणि दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. ही यादी सैन्याची शिस्त दाखविण्यासाठीं नेहमीं पुढें केली जाते, व तें योग्यच आहे. पण नव्या बारगिराच्या जागीं उभें राहून ती वाचली तर तींत आणखी एक अर्थ दिसतो. तो एकटा नाहीं. त्याच्या भोंवतीं चोवीस सोबती आहेत. घोड्यास पाणी वेळेवर मिळतें, नाल वेळेवर बसते. ठेंचाळणाऱ्या व तहानलेल्या घोड्यावर थोर वीराचाही धीर टिकत नाहीं. मग नवख्याची काय कथा? पखालजी आणि नालबंद हे स्वाराच्या धैर्याचे निम्मे धनी होत.

सन १६७४ च्या सुमारास चिपळुणाकडील घोडदळाच्या अधिकाऱ्यांस महाराजांनीं पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. वैरण व दाणा पावसाळाभर पुरवून वापरावा, रयतेस उपद्रव देऊं नये, चुलीच्या निखाऱ्यानें वा दिव्याची वात उंदरानें नेल्यानें आग लागून गवत जळेल तर घोडे मरतील, अशा बारीक सूचना त्यांत आहेत. रयतेवरील ममता म्हणून हें पत्र सर्वत्र सांगितलें जातें. त्यांत घोड्यावरील ममताही तितकीच आहे. आपल्या जनावराचें खाणें-पिणें ज्यानें स्वतः सांभाळलें, त्याचाच त्या जनावरावर विश्वास बसतो. खरारा करणें, तोबरा चढविणें, अगाडी-पिछाडी बांधणें हीं कामें हलकीं समजून मोतद्दारावर सोडणारा स्वार कायम पाहुणाच राहतो.

याच महाराजांची स्वारी इ. स. १६७९ च्या नोव्हेंबर महिन्यांत जालन्यावर आली होती. पुढें इंग्रजी अमलाच्या काळीं हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेची छावणी जालन्यास होती. या फौजेंतील रिसाल्यांत शिलेदारी पद्धत चाले. म्हणजे स्वारानें आपला घोडा व साज घेऊन चाकरीस यावयाचें. या पद्धतीचे गुणदोष कांहींही असोत, तिच्यायोगें स्वारीचें प्राथमिक शिक्षण सरकारी मैदानावर न होतां घरच्या अंगणांत होई. पहिल्या महायुद्धानंतर ती पद्धत बंद पडली, आणि अंगणांतील ती शाळाही हळूहळू मोडली.

आतां ज्या उदाहरणासाठीं आम्हीं असईचा उल्लेख आरंभीं केला, त्याकडे येतों. दौलतराव शिंद्यांची पत्नी बायजाबाई ही कागलकर घाटग्यांची कन्या, सखाराम घाटगे ऊर्फ सर्जेराव यांची मुलगी. तिचा जन्म इ. स. १७८४ चा व विवाह १७९८ चा. असईच्या वेळीं तिचें वय एकोणीस वर्षांचें होतें. त्या लढाईंत ती स्वतः घोड्यावर होती, अशी प्रसिद्धि आहे. प्रसिद्धि आणि पुरावा यांत भेद ठेवणें हें संशोधकाचें कर्तव्य आहे. म्हणून हीं वाक्यें आम्ही परंपरा म्हणूनच नोंदतों. परंतु ती घोड्यावर बसण्यांत निष्णात होती व तिच्या घरांत स्त्रियांनीं घोड्यावर बसण्याची चाल होती, याविषयीं एक प्रत्यक्षदर्शी साक्ष उपलब्ध आहे.

दौलतराव १८२७ सालीं वारले. त्यानंतर बायजाबाईंनीं ग्वाल्हेरचा कारभार पाहिला व १८३३ सालीं त्यांस तें राज्य सोडावें लागलें. १८३५ सालीं त्यांचा मुक्काम फत्तेगडास असतांना फॅनी पार्क्स नांवाची एक इंग्रज बाई त्यांस भेटली. तिचा प्रवासग्रंथ १८५० सालीं प्रसिद्ध झाला. बायजाबाईंची तरुण नात गजराजा ही उत्तम घोड्यावर बसे, असें पार्क्सबाई लिहिते. विलायती बायका एका बाजूस पाय सोडून कशा बसतात, हें तेथील स्त्रियांस पाहावयाचें होतें; तेव्हां तिनें आपलें खोगीर व घोडा आणवून तें करून दाखविलें. एका बाजूस बसून तोल राहतो तरी कसा, याचें त्या मंडळीस नवल वाटलें. मग मराठी पोषाख करून ती स्वतः दोहों बाजूंस पाय टाकून बसली. या बैठकींत तिला इतकी सोय वाटली कीं, बायकांची जुनी बैठक बदलल्याबद्दल तिनें आपल्या एलिझाबेथ राणीसच दोष दिला.

हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो. आम्हांस त्यांत याहून अधिक कांहीं दिसतें. पार्क्सबाई ही नवखी नव्हती, तरी मराठी बैठकींत ती क्षणभर शिकाऊ झाली. गजराजा आपल्या घोड्यावर निष्णात, तरी विलायती खोगीर तिला अशक्य कोटींतलें वाटलें असल्यास नवल नाहीं. धैर्य जर रक्तांत असतें, तर खोगीर बदलल्यानें तें बदललें नसतें. तें संवयींत असतें, म्हणून नव्या खोगिरावर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. आणि जो असा आरंभ करावयास लाजत नाहीं, त्यासच दुसरी विद्या येते. त्या दिवशीं पार्क्सबाईनें जें केलें तें हेंच. आजीचा धीर नातीस आला तो रक्तांतून नव्हे. आजी घोड्यावर बसे व नातीस बसूं देई, म्हणून आला, असें आम्ही समजतों.

झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचें उदाहरण सर्वांच्या ओठीं आहे. विष्णुभट गोडशे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथांतील वर्णनावरून राणीचा दिनक्रम कळतो. व्यायाम, मल्लखांब आणि मग घोडा फिरविणें, असा तो होता. आणि घोड्याची पारख करण्याबद्दल तिचा लौकिक होता. येथेंही क्रम पाहावा. मल्लखांबावर मांड्यांची पकड तयार होते. तो खांब हलत नाहीं, उधळत नाहीं. म्हणून न भितां शरीर तयार करतां येतें. तीच पकड पुढें हलत्या पाठीवर कामीं येते. कठीण गोष्टीचे तुकडे करून एकेक तुकडा स्वाधीन करून घ्यावा, ही अध्यापनाची जुनी रीत येथें स्पष्ट दिसते. आम्हीं पस्तीस वर्षें मुलांस शब्दरूपें याच रीतीनें शिकविलीं.

या विषयांत आमचा थोडा स्वानुभवही आहे. तो सांगतांना संकोच वाटतो, पण प्रस्तुत आहे म्हणून सांगतों. आमचें बालपण केळणेच्या कांठच्या एका खेड्यांत गेलें. आमच्या आजोबांजवळ एक तांबडें तट्टू होतें. त्यावरून ते भोकरदनच्या बाजारास जात. आम्ही दहा वर्षांचे असतांना त्यांनीं आम्हांस त्यावर बसविलें. पहिला महिना लगाम त्यांच्याच हातीं असे, रिकीब नसे व खोगिराऐवजीं घोंगडी असे. कोरड्या वाटेवर आम्ही लवकर सरावलों. पण भाद्रपदांत नदीस गुडघाभर पाणी आलें, आणि उतारावर तट्टानें पाय टाकतांच वाहतें पाणी पाहून आमचे डोळे फिरले. आम्हीं लगाम गच्च ओढला. तट्टू गोंधळलें, वळलें, आणि आम्ही पाण्यांत पडलों.

आजोबा रागावले नाहींत व त्यांनीं आम्हांस घरींही नेलें नाहीं. ओल्या कपड्यांनींच पुन्हा वर बसवून ते म्हणाले, "बाळ, पाण्याकडं बघूं नको, पलीकडच्या बाभळीकडं बघ. लगाम सोड. वाट त्याला ठावी आहे." आम्हीं लगाम सैल केला, बाभळीकडे पाहिलें, आणि तट्टानें आम्हांस पैलतीरीं नेलें. त्याच दिवशीं त्यांनीं आम्हांकडून तीन वेळां नदी ओलांडविली. तिसऱ्या वेळीं पाणी तितकेंच होतें, तट्टू तेंच होतें; आमची मांड मात्र बदलली होती.

पुढें असईच्या लढाईचें वर्णन वाचतांना हा प्रसंग आम्हांस वारंवार आठवला. वेलस्लीस वाटाड्यांनीं सांगितलें होतें कीं, येथें केळणेस उतार नाहीं. त्यानें पाहिलें कीं नदीच्या दोन्ही कांठांवर समोरासमोर पिंपळगांव व वरूड अशीं दोन गांवें आहेत. तेव्हां मध्यें उतार असलाच पाहिजे, असें अनुमान करून त्यानें सैन्य तिकडे वळविलें, व तें अनुमान खरें ठरलें. त्याच्या बुद्धीची प्रशंसा होते, आणि ती योग्य आहे. परंतु ज्या उताराचें त्यास अनुमान करावें लागलें, तो त्या दोन गांवांतील माणसांच्या व जनावरांच्या रोजच्या पायांखालचा होता. इतिहासाच्या ग्रंथांत अनुमान करणाऱ्याचें नांव राहतें. वाट पाडणाऱ्यांचें राहत नाहीं.

तट्टावर वाढणारें मूल अद्यापि अगदींच दुर्मिळ झालेलें नाहीं. मेंढ्या घेऊन दक्षिणेंत फिरणारे धनगर आपलें बिऱ्हाड तट्टांवर लादतात, आणि त्या ओझ्यावरच कोंकरें व लहान मुलें बसविलेलीं असतात. चालतां येण्यापूर्वींच त्या मुलांस तट्टाच्या चालीचा डोल ठाऊक होतो. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत व नंदुरबार जिल्ह्यांतील सारंगखेड्याच्या यात्रेंत घोड्यांचा बाजार अद्यापि भरतो. अलीकडे भीमथडी घोड्यास स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदणींत स्थान मिळालें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. जनावराची जात नोंदली गेली. त्यावर बसावयास शिकविण्याची रीत नोंदावयाची राहिली आहे.

हें आम्ही ज्या कारणास्तव लिहीत आहों तें आतां उघड सांगतों. आमच्या आजोबांजवळ मोडी लिपींतील एक शालिहोत्राची चोपडी होती. तींत घोड्याच्या रोगांवरील औषधें होतीं, भोंवऱ्यांचीं लक्षणें होतीं, आणि शेवटच्या तीन-चार पानांवर नव्या स्वारास कसें बसवावें, कोणत्या चालीनंतर कोणती चाल शिकवावी, हें होतें. लगाम सोडण्याचा उपदेश त्यांनीं त्या पानांतूनच घेतला होता, असें ते म्हणत. त्यांच्या पश्चात् घर आवरतांना ती चोपडी रद्दीच्या गठ्ठ्यांत गेली. त्या वेळीं आम्ही संस्कृताचे पदवीधर होतों, व मोडींतील घोड्याच्या औषधांचा कागद जतन करावा इतकी समज आम्हांस नव्हती. दोष सर्वस्वीं आमचा आहे.

संग्राहक मित्रांस म्हणून विनंती कीं, शालिहोत्राची पोथी हातीं आल्यास केवळ चित्रांचीं पानें काढून घेऊन बाकीचीं टाकूं नयेत. शेवटचीं सुटीं पानें अवश्य वाचावीं, कारण व्यवहारांतील अनुभव बहुधा तेथेंच लिहिलेला असतो. पागेच्या जमाखर्चांत चाबुकस्वाराचा रोजमुरा, लहान मुलांसाठीं तट्टू खरेदी केल्याची बाब, घोंगडी वा लहान खोगीर यांचा खर्च आढळल्यास ती ओळ क्षुल्लक समजूं नये. सनदा व वंशावळी आपण जपतोंच. त्यांत कोणास काय मिळालें हें असतें. या क्षुल्लक ओळींत कोणी काय शिकलें हें असतें. शौर्याच्या कथा आपल्याजवळ पुष्कळ आहेत. शौर्य शिकविलें कसें जाई, याचे कागद मात्र थोडे आहेत, आणि जे आहेत ते दरवर्षीं कमी होत आहेत.

असईच्या परिसरांत जाणाऱ्या अभ्यासकांनीं रणभूमि पाहून झाल्यावर थोडा वेळ केळणेच्या उतारावरही उभें राहावें, एवढीच आमची सूचना आहे.